पहिलवानाचा पडका दात

सोमवारी सकाळी आठच्या सुमाराला ताई नेहमीच्या वाटेने छापखान्याकडे निघाली होती. मंडईच्या भिंतीपाशी आली आणि जागीच थबकली. भिंतीवर दोन हात लांबीचा पिवळा कागद डकवलेला होता. त्यावर काळ्याभोर शाईत, रस्त्यापलीकडून बिनचष्म्याने वाचता यावं असं छापलं होतं : टाकीचं पाणी पिऊ नका. खाली ना कुणाचं नाव, ना पत्ता.

जमलेली माणसं मजकूर वाचत होती. ताईने मजकूर नंतर वाचला. आधी तिला अक्षरं ओळखू आली, गर्दीत घरच्या माणसाची पाठ ओळखू यावी तशी. हा पहिलवान होता. आणि सबंध शहरात पहिलवान एकाच ठिकाणी मुक्कामाला होता : ताईच्या छापखान्यात, खिडकीखालच्या तिसऱ्या खणात.

तिने पिशवी छातीशी धरली आणि चालू लागली. तिच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नव्हतं. पण चोराच्या मनात चांदणं म्हणतात, आणि ताई तर चोरी न करताच चोर झाली होती.

ताई भित्री आहे हे शहरातलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. वय बावन्न, पण रिकामा रस्ताही ती दोनदा थांबून ओलांडायची. दुकानदाराने भलतंच सामान बांधून दिलं तर तेच वापरून संपवायची, बदलून मागायची नाही. आवाज इतका हळू की टेलिफोनवर समोरची माणसं "कुणी आहे का तिकडे?" असं दोनदा विचारून ठेवून द्यायची. असल्या बाईच्या घरात पहिलवान नांदत होता, यालाच नशिबाची थट्टा म्हणायचं.

पहिलवान हे काही त्या टाइपाचं खरं नाव नव्हे. ताईच्या वडिलांनी तो एका बंद पडलेल्या छापखान्यातून उचलून आणला, तेव्हा खोक्यावर नावच नव्हतं. आत वीतभर उंचीची लाकडी अक्षरं होती, वर्षानुवर्षं तेल पिऊन काळी झालेली. पोट सुटलेलं, कंबर आवळलेली, पाय रोवून उभी, आणि प्रत्येकाच्या उजव्या अंगाला जाडजूड सावली. वडील म्हणाले, "हे सगळे कुस्ती सोडून इकडे आलेत." तेव्हापासून तो पहिलवान.

त्याला कुजबुजता येत नसे. 'कृपया' छापलं तरी दम दिल्यासारखं वाटे. म्हणून वडिलांनी त्याची कामं ठरवून टाकली होती : सर्कस, कुस्त्या, लिलाव, भव्य सेल आणि हरवलेली माणसं. लग्नपत्रिकेला तो नाही आणि मयताच्या बातमीला तर मुळीच नाही. एका गिऱ्हाइकाने एकदा हट्टाने आपल्या आत्याची निधनवार्ता त्यात छापून घेतली, तर लोक तिकीट कुठे मिळेल म्हणून विचारायला आले. "ज्याला खरोखर ओरडायचं आहे, त्यालाच पहिलवान द्यायचा," असं वडील म्हणायचे. आणि मग स्वतःच साबणाच्या जाहिरातींना देत राहायचे, कारण पोट कुणाला चुकलं आहे?

या टाइपात 'प' ही अक्षरं मुळात दोन. एक वाळवीने खाल्लं. उरलेलं ताईने नऊ वर्षांची असताना मशीनच्या लोखंडी पायावर पाडलं आणि त्याच्या पोटाचा नखाएवढा टवका उडाला. ती दुपारपर्यंत टेबलाखाली लपून बसली होती. वडिलांनी तिला बाहेर काढलं आणि म्हणाले, "पहिलवानाचा दात पडला, एवढंच ना? कुस्ती खेळणाऱ्याचे पडतातच." त्या दिवसापासून छापलेल्या प्रत्येक 'प'मध्ये ती पांढरी खाच दिसू लागली. आणि मजकुरात दोन 'प' आले की कागद दोनदा छापावा लागे : पहिल्या फेरीत एक, मग तेच अक्षर उचलून दुसऱ्या जागी, आणि पुन्हा सगळे कागद मशीनवर.

भिंतीवरच्या कागदात दोन 'प' होते. दोघांचाही दात एकाच जागी पडलेला. त्यात 'पिऊ'मधला 'प' ओळीच्या केसभर खाली उतरलेला. ताईच्या हातून अर्धा केसही उतरला नसता. हे उतावळ्या हाताचं काम होतं, आणि असा उतावळा हात ताईला जगात एकच ठाऊक होता.

तो हात छापखान्यातच बसला होता. ताईची धाकटी बहीण कारखान्याच्या दवाखान्याचा पांढरा गणवेश घालून कागदांच्या गठ्ठ्यावर पाय हलवत होती.

"वाचलंस?" धाकटीने विचारलं.

ताईने दार लावलं, कडी घातली, खिडकीही लावली आणि मग बोलली. "अगं, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? काल एक दिवस मी मावशीकडे काय गेले, तू हे उद्योग केलेस?"

"पंचवीस छापली. उजाडता उजाडता लावली."

"आ बैल मला मार!"

"ताई, गेल्या आठवड्यात एकोणीस पोरं आली दवाखान्यात. सगळी कामगारवस्तीतली, सगळी त्या टाकीचं पाणी पिणारी. कारखान्याचं सांडपाणी झिरपतंय त्यात, हे डॉक्टरांना माहीत आहे. ते म्हणतात, वहीत लिही, बाहेरचं खाल्लं. मी एकोणीस वेळा लिहिलं. विसावी आली ती चार वर्षांची होती." धाकटीचे पाय हलायचे थांबले. "तिचं मला नाही लिहिता आलं. ती राहिलीच नाही, ताई."

ताई खिडकीपाशी गेली. तिने तिसरा खण ओढला. सगळी अक्षरं आपापल्या घरात होती, दातपडका 'प'सुद्धा. मग तिचं लक्ष भिंतीवरच्या तारेकडे गेलं आणि तिने कपाळाला हात लावला.

इथे वडिलांचा आणखी एक नियम सांगायला हवा. अक्षर बाहेर काढलं की त्याचं घर रिकामं ठेवायचं नाही. तिथे एक चिठ्ठी टाकायची : कोणतं अक्षर, कुणी नेलं, कुठे. अक्षर परत आलं की चिठ्ठी तारेला टोचायची. मुलींना हे इतकं लहानपणी लावलं होतं की घरात साखरेच्या डब्यातही 'चमचा, शेजारी' अशा चिठ्ठ्या सापडायच्या. वडील गेले त्यानंतर त्यांच्या चष्म्याच्या डबीत चिठ्ठी निघाली, 'चष्मा, डोळ्यांवर'. दोघी बहिणी त्या दिवशी हसतही होत्या आणि रडतही होत्या.

आता तारेला ताजी चिठ्ठी टोचलेली होती : 'प, एक. धाकटी. टाकीचं पोस्टर.'

"चोरून छापतेस, आणि वर चिठ्ठी टाकतेस?"

"हात आपोआप गेला गं," धाकटी म्हणाली आणि एवढ्यातही तिला हसू आलं.

ताईला हसू आलं नाही. तिने चिठ्ठीचे कपटे केले आणि शाईच्या डब्यात बुडवले. तिच्या डोळ्यांपुढे तो फिटर येत होता, गेल्या वर्षी कारखान्याविरुद्ध बोलला तो. कामावरून निघाला आणि घरी पोचलाच नाही. दुसऱ्या दिवशी पुलाखाली सापडला, दोन्ही हात कोपरापासून मोडलेले. तो अजून शहरात हिंडतो, कुणीतरी भरवलं तर जेवतो. आई गेली तेव्हा धाकटी तीन वर्षांची होती. ताईने तिला न्हाऊमाखू घातलं, बोट धरून याच खणातली अक्षरं गिरवायला लावली. त्या बोटांचा विचार आला आणि ताईने शाईच्या डब्याचं झाकण घट्ट लावलं.

"कामावर जा," ती म्हणाली. "वेळेवर जा. तुला यातलं काहीएक माहीत नाही. मी बघते."

"तू काय बघणार, ताई?" धाकटीने प्रेमानेच विचारलं. पण प्रश्न रास्त होता.

दहा वाजता दारावर टकटक झाली. कारखान्याच्या पहारेकऱ्यांचा मुख्य दारात उभा होता. कामगार त्याला लोणीसाहेब म्हणायचे, कारण तो फार मऊ बोलायचा. फिटरशी शेवटचं कोण बोललं होतं, हे सगळ्यांना माहीत होतं.

"येऊ का, बाई? कामात असाल तर नंतर येतो."

"या ना," ताई म्हणाली, पण ते तिचं तिलाच ऐकू आलं नाही.

त्याने पोस्टरची घडी उलगडून टेबलावर पसरली आणि तळहाताने सुरकुत्या काढल्या. "सुंदर अक्षर आहे. अशी अक्षरं हल्ली दिसत नाहीत. तुमच्याकडे आहेत का?"

"जुनी होती. वाळवी लागली."

"अरेरे. बघा ना, हा 'प' इथे तुटलाय. आणि हा दुसरा, तोही तिथेच. दोन अक्षरं एकाच जागी कशी तुटतील? म्हणजे अक्षर एकच. ते सापडलं की ते धरणारा हातही सापडला." त्याने कागदाची पुन्हा नीट घडी केली. "आता उघडा म्हणणार नाही मी, जबरदस्ती मला आवडत नाही. चार वाजता हवालदाराला घेऊन येतो, रीतसर. तोवर शांतपणे आठवून ठेवा."

दारात तो वळला. "तुमची बहीण आमच्याच दवाखान्यात आहे ना? गुणी मुलगी. हात इतका हलका आहे की सुई टोचलेली कळत नाही म्हणतात. फार जपायला हवेत असे हात."

तो गेला तरी ताई मशीनचा दांडा धरून तशीच उभी होती. भित्यापाठी ब्रह्मराक्षस हे खरं, पण तिच्या आयुष्यात आजवर ब्रह्मराक्षस नुसता मागे असायचा. आज तो समोर येऊन 'नंतर येतो' म्हणून सांगून गेला होता.

कोपऱ्यात कागद डकवण्याची खळ शिजवायची शेगडी होती. ताईने निखारे फुलवले. तिसरा खण ओढला, 'प' उचलला. हातात नेहमीचं वजन आलं. अंगठा नकळत त्या खाचेत जाऊन बसला, त्रेचाळीस वर्षं बसत होता तसा. शहरात आलेली प्रत्येक सर्कस या एका अक्षरातून गेली होती. टेबलाखालून तिला बाहेर ओढणारे वडील आठवले आणि तिला रडू कोसळलं. मग तिने डोळे मिटून तो शेगडीत टाकला. तेल प्यायलेलं लाकूड ते, भडकून पेटलं. सावली आधी जळाली, मग पोट.

त्यानंतर तिने सगळं आवरलं, हाताला सवय होती तसं. खण लावला, टेबल पुसलं, राख ढवळून टाकली. मान वर केली तर समोरच्या भिंतीवर वडिलांनी छापलेलं सर्कशीचं जुनं पोस्टर : पाहा! पाहा! पाहा! तीन 'प', तिघेही दातपडके, तीस वर्षं तिच्याकडे बघून हसणारे. तिने ते ओरबाडून काढलं आणि जाळलं. खाली भिंतीचा रंग नवाकोरा निघाला, चांगला दाराएवढा चौकोन. तिने त्यावर कॅलेंडर लटकवलं. कॅलेंडर होतं वहीएवढं. त्यामुळे चौकोन आणखीच मोठा दिसू लागला.

मग तिला न्हाव्याचं दुकान आठवलं. तिथे कुस्त्यांचं पोस्टर होतं. वाचनालयात पुस्तक प्रदर्शनाचं होतं. वाण्याच्या दाराच्या आतल्या बाजूला पापडांच्या आणि साबणांच्या जुन्या जाहिराती होत्या. चाळीस वर्षं तो दात शहरभर पेरला गेला होता. एक शेगडी काय काय जाळणार? ती स्टुलावर बसली आणि चार वाजायची वाट बघू लागली. जेवणाचा डबा तिने उघडलाही नाही.

लोणीसाहेब वेळेचा पक्का होता. हवालदार मागे उभा राहिला, जरा ओशाळलेला. त्याच्या मेव्हण्याच्या दुकानाच्या पावत्या ताईनेच छापल्या होत्या.

साहेबाने आधी कॅलेंडरकडे पाहिलं. ते बोटाने बाजूला सारलं, चौकोन पाहिला, आणि कॅलेंडर पुन्हा सरळ केलं. मग शेगडीपाशी वाकून राखेचा वास घेतला. पहिला खण ओढला, दुसरा ओढला. तिसरा ओढला आणि तिथेच थांबला.

पहिलवान ओळीने पडले होते. सगळी घरं भरलेली, फक्त एक सोडून. आणि त्या एका घरात एक चिठ्ठी होती.

त्याने ती चिमटीत धरून उचलली, वाचली, आणि पहिल्यांदाच मोठ्याने हसला. "ऐका हो, हवालदार. 'प, एक. ताई. शेगडीत.' खाली तारीखसुद्धा घातलीय. पुरावा जाळणारी माणसं पुष्कळ बघितली मी, बाई. पण जाळल्याची चिठ्ठी ठेवणारं माणूस आज बघितलं!"

चिठ्ठी लिहिल्याचं ताईला आठवतही नव्हतं. अक्षर मात्र तिचं होतं, तारीख नेहमीच्या कोपऱ्यात होती. सकाळी धाकटीला ती जे बोलली होती, ते सगळं तिला शब्दन् शब्द आठवलं.

"आता सांगा," साहेब पुन्हा मऊ झाला. "कुणासाठी जाळलंत? बहिणीसाठी ना? तुम्ही बिचाऱ्या साध्या. तुमच्यावर माझा राग नाही. तिचं नाव घ्या, आणि घरी जा."

त्याच्या चिमटीत चिठ्ठी हलत होती. त्यावरचं नाव ताईला उलट्या बाजूनेही वाचता येत होतं. जन्मभर तिने उलटीच अक्षरं वाचली होती. चिठ्ठीवर 'ताई' होतं. 'धाकटी' नव्हतं.

"मी छापलं," ती म्हणाली.

"काय म्हणालात?"

"मी छापलं. बहिणीला यातलं काही येत नाही. शाईच्या वासाने तिला शिंका येतात."

हवालदाराला आता राहवेना म्हणून तो मध्ये पडला. "ताई, असं काय करता? तुम्ही तर कधी कुणाला 'अरे' म्हणून हाकसुद्धा मारत नाही."

"मला मोठ्याने बोलता येत नाही," ताई म्हणाली. "म्हणून तर तो वापरला."

साहेबाने तिच्याकडे नीट पाहिलं. मग खिशातलं पोस्टर काढून उलगडलं आणि 'पिऊ'वर बोट ठेवलं. "हा 'प' खाली उतरलाय. मी चौकशी करून आलोय, बाई. तुमच्या हातचं काम कधी असं हलत नाही, असं सगळे सांगतात. हे दुसऱ्याच हाताचं आहे."

ताईला वाटलं, संपलं. तिला धाकटीची बोटं दिसली, मग तो फिटर दिसला. काय बोलावं ते सुचेना. म्हणून तिने आपले दोन्ही हात पुढे केले, साहेबाच्या नाकासमोर धरले. ते हात सकाळपासून थरथरत होते. आता तर बोटं एकमेकांवर आपटत होती, आणि तिने ठरवलं असतं तरी ती थांबली नसती.

"भीती वाटत होती, साहेब," ती म्हणाली. "छापताना असेच थरथरत होते. बघा ना. आत्ताही भीतीच वाटतेय."

त्यात खोटं काहीच नव्हतं, निदान हातांचं तरी. साहेब त्या हातांकडे बराच वेळ बघत राहिला. मग त्याने पोस्टरची घडी केली, त्यात चिठ्ठी घातली आणि खिशात ठेवली. त्याला हवा तो हात सापडला होता.

"चला," तो म्हणाला.

"एक मिनिट द्या," ताई म्हणाली. तिने शेगडी विझवली. मशीनवर कापड टाकलं. मग टेबलावरून कोरी चिठ्ठी घेतली आणि वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिली. या वेळी ती काय लिहिते आहे हे तिला पुरतं ठाऊक होतं. साहेबाने ती हातातून घेऊन वाचली आणि खांदे उडवून परत दिली. चिठ्ठीत होतं : 'ताई, एक. चौकीत. घर राखून ठेवणे.' तिने ती तारेला टोचली नाही. तारेला परत आलेल्यांच्या चिठ्ठ्या असतात. तिने ती तिसऱ्या खणात, 'प'च्या रिकाम्या घरात ठेवली. धाकटी आधी तिथेच बघणार होती.

मंडईच्या भिंतीवरचं पोस्टर कारखान्याच्या माणसांनी खरवडून काढलं होतं. खळ पक्की शिजवलेली होती, त्यामुळे मधला तुकडा तेवढा निघाला नव्हता. त्यावर एक 'प' होता, दात पडलेला. ताईने त्याच्याकडे एकदाच पाहिलं. हवालदाराने न सांगताच तिच्या कोपराला आधार दिला होता.

चौकीचा रस्ता कामगारवस्तीवरून जात होता. पाण्याची वेळ झाली होती. वस्तीतल्या बायका दूरच्या विहिरीच्या वाटेने भांडी घेऊन चालल्या होत्या, पोरं मागून बादल्या ओढत होती. टाकीचा नळ कुणीतरी तसाच सोडला होता. त्याच्याखाली एकही भांडं नव्हतं.